हाडाची भोकं मोजून कुणाचं भलं झालं?

होटगी रोडकर: मेडिकल कॉलेजांतलं विभागवार संशोधन बंद करा. ॲनाटॉमीवाले हाडांची भोकं मोजतात, फिजिऑलॉजीवाले पोरांची नाडी. माझे वडील ओपीडीत चार तास बसून होते. आधी पेशंट बघा.

माजी ट्यूटर: हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ती भोकं मी मोजलीत. नडगीच्या हाडाला मागच्या बाजूला, वरच्या भागात एक छिद्र असतं. त्यातून हाडाची मुख्य रक्तवाहिनी आत शिरते. ऑपरेशनमध्ये तिला धक्का लागला, तर फ्रॅक्चर जुळायला उशीर होऊ शकतो. ती नेमकी कुठे असते, हे ऑर्थोवाल्याला कोण सांगणार? आणि ॲनाटॉमीचा माणूस हाड खाली ठेवून उठला, तरी तुमच्या वडिलांची रांग हलणार नव्हती. त्याची ओपीडीच नसते.

होटगी रोडकर: डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाड भागात विंचूदंशाला प्राझोसिन हे औषध देऊन माणसं वाचवली. त्यांच्यामागे कुठला विभाग होता? खाटेशेजारी बसून नोंदी ठेवल्या. तुमचे पेपर प्रमोशनसाठी.

माजी ट्यूटर: प्राझोसिन रक्तदाबाची गोळी म्हणून आधी लॅबमध्येच तयार झाली ना?

एमडी झालेली: प्रमोशनचं निघालंच आहे, तर ऐका. नाइट ड्युटी करून शंभर पेशंट मी गोळा केले. पेपरवर पहिलं नाव गाइडचं, दुसरं अशा सरांचं, ज्यांनी माझं तोंडही पाहिलं नव्हतं. जर्नलचे बारा हजार मात्र माझ्या स्टायपेंडमधून गेले.

माजी ट्यूटर: सगळे गाइड तसे नसतात.

एमडी झालेली: सगळे म्हटलं का मी? तिसरं नाव माझं लागलं, तुमचं नाही. समजूत घालू नका.

माजी ट्यूटर: मग तक्रार का नाही केली?

एमडी झालेली: कुणाकडे? त्याच गाइडकडे? थिसिसवर सही त्यांचीच लागते!

विडी घरकुल: नावांवरून भांडताय, म्हणून बोलते. माझी आई तीस वर्षं विड्या वळतेय. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, दिवसाला हजार विड्या. नखांच्या कडा कायमच्या पिवळ्या. कॉलेजची पोरं तीनदा येऊन गेली. मशीनमध्ये फुंकायला लावलं, वजन घेतलं, अंगठा घेतला. संमतीचा कागद मराठीत, आई बोलते तेलुगू. मीच समजावून सांगितलं. रिपोर्ट सांगायला कुणी परत आलं नाही. आई अजून विचारते, "त्या मशीनमध्ये काय निघालं?"

माजी ट्यूटर: ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. मीही अशी मोजणी करून आलोय. परत गेलो नाही. पण काम तुमच्याच घरी आहे. फुप्फुसं फिजिऑलॉजीने बघावीत. तंबाखू हाताळताना निकोटिन कातडीतूनही अंगात जातं, ते बायोकेमिस्ट्रीला लघवीतल्या कोटिनिनवरून कळतं (निकोटिनचं अंगात गेल्यावर जे बनतं ते). सुटीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी सूतगिरणीतल्या माणसाची छाती आवळते का, हे पीएसएमने, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विभागाने विचारावं. कापसाच्या धुळीचा तो आजार नुकसानभरपाईच्या कायद्यात आहे, पण निदान कागदावर आल्याशिवाय कामगाराच्या हाती काही पडत नाही.

होटगी रोडकर: हे करणार असाल तर करा. रिपोर्ट आधी बाईच्या हातात, मग जर्नलला. ओपीडीबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही.

एमडी झालेली: ताई, फॉर्मवर नावाऐवजी नंबर असतो. नंबर कुणाचा, याची यादी थिसिस करणाऱ्याकडे असते. आईचा नंबर आठवतो?

विडी घरकुल: २३. चिठ्ठी तिने डब्यात जपून ठेवलीय.