मदत हवी आहे: पिकलिंगच्या (लोखंडावरचा गंज काढायच्या) ॲसिडमुळे शेजारच्या वर्कशॉपमध्ये गंज चढू शकतो का?

कोटिंगवाला:

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं पावडर कोटिंगचं (रंगाची पावडर ओव्हनमध्ये भाजून बसवायचं) छोटं जॉबवर्क आहे. वडिलांनी सुरू केलेलं, गेल्या वर्षापासून मी बघतो. मी बी.कॉम., रसायनशास्त्राशी संबंध दहावीत सुटला. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे सेव्हन टँक प्रोसेस आहे, म्हणजे कोटिंगआधी जॉब सात टाक्यांतून काढायचा. त्यातली डीरस्टिंगची (गंज काढायची) टाकी एचसीएलची, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडची, हजार लिटरची, आतून एफआरपी (फायबरग्लासचं प्लॅस्टिक). सप्लायर कॅनमधून ३० टक्क्यांचं ॲसिड देतो आणि वडिलांच्या काळापासून ते तसंच, पाण्याचा थेंबही न घालता, टाकीत ओततात. टाकीला झाकण नाही.

पावसाळा लागल्यापासून नवीन त्रास सुरू झालाय. सुट्टीच्या आदल्या दिवशी पुसून ठेवलेले पाने (स्पॅनर) कामाच्या दिवशी सकाळी तांबूस झालेले असतात. ऑफिसच्या दाराची कडी स्टेनलेसची, तिच्यावरही ठिपके. पलीकडच्या गाळ्यात सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) काम चालतं. ते गृहस्थ परवा मोबाइलवर मशीनच्या स्लाइडचे फोटो घेऊन आले, "हे तुमच्या ॲसिडचं काम." मी म्हटलं, पाऊस आहे, गंजणारच. ते म्हणाले, मग मागची नऊ वर्षं काय पाऊस नव्हता? (आमचं काम यंदा दुप्पट झालंय, हे मी त्यांना सांगितलं नाही.)

सप्लायर म्हणतो, ॲसिड मेलंय, पूर्ण काढून नवीन कडक भरा. टाकीवरचा मुलगा रुमाल बांधून काम करतो आणि दिवसभर खोकतो. त्याला कुठला मास्क आणू? आणि खरंच माझ्या टाकीमुळे भिंतीपलीकडे गंज चढतोय का?

जाता जाता: एका पार्टीच्या स्प्रिंग क्लिपा कोटिंग झाल्यावर बसवताना कटकन तुटतायत. पण ते त्यांचं मटेरियलच हलकं असणार.

निवृत्त_केमिस्ट:

शेजारी बरोबर आहेत. राग मानू नका.

हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणजे पाण्यात विरघळलेला हायड्रोजन क्लोराइड वायू. पाण्याला तो ३० टक्क्यांपर्यंत धरून ठेवावा लागला की सुटायला बघतो. २० टक्क्यांच्या आसपास मात्र चित्र पालटतं. त्याखाली टाकीतून उडतं ते मुख्यतः पाणी, वायू फार थोडा. ३० आणि २० या आकड्यांत फरक दीडपटीचा दिसतो, वाफेत तो कित्येक पटींचा असतो. पावसाळी दमट हवेत हा वायू बाष्पाला चिकटून बारीक आम्लाचे थेंब होतात आणि थंड लोखंडावर जाऊन बसतात. स्टेनलेस ज्या पातळ ऑक्साइडच्या थरामुळे टिकतं, तो थर क्लोराइड फोडतं. म्हणून तुमची कडी ठिपकली. स्टेनलेसची भारी ३१६ ग्रेड आणूनही फार उपयोग नाही.

पिकलिंगला १० ते १५ टक्के पुरतं, आणि तेही गरम न करता. सल्फ्युरिक वापरणाऱ्यांना टाकी ६०-७० अंशांपर्यंत तापवावी लागते, म्हणून तर सगळे एचसीएलकडे वळतात. ३० टक्क्यांनी गंज लवकर निघतो खरा, पण पाठोपाठ चांगलं लोखंडही खाल्लं जातं. त्यावर इनहिबिटर (चांगलं लोखंड खाणं रोखणारं रसायन) घालायचा असतो, सप्लायरकडे विचारा.

"ॲसिड मेलंय" हे डोळ्यांनी ठरवू नका. पीएच पेपर इथे निरुपयोगी, या ताकदीला तो कायम लालच होणार. टाकीतलं १० मिली घ्या, पाण्याने पातळ करा, मिथिल ऑरेंजचे (आम्ल संपलं की रंग बदलणारं द्रव्य) दोन थेंब टाका आणि १ नॉर्मल ताकदीचं कॉस्टिक सोड्याचं द्रावण रंग पिवळा होईपर्यंत सोडा. जितके मिली लागले, त्याला ३.६५ ने गुणा. उत्तर ग्रॅम प्रति लिटर. ४० मिली लागलं तर १४६ ग्रॅम, म्हणजे १३-१४ टक्के. कॉलेजचा कुठलाही मुलगा हे दहा मिनिटांत करून देईल.

नवीन द्रावण बनवताना ३० टक्क्यांचं ॲसिड आणि पाणी जवळपास निम्मं निम्मं. आधी पाणी, मग ॲसिड. सल्फ्युरिकइतकं हे उसळत नाही, म्हणून लोक उलटं करतात आणि एखाद्या दिवशी तोंडावर घेतात. सध्याची टाकी भरलेली असेल तर त्यात वरून पाणी ओतू नका. आधी मोजा, मग प्लॅस्टिकच्या बॅरल पंपाने अर्धं दुसऱ्या एचडीपीई (जाड प्लॅस्टिकच्या) टाकीत घ्या.

मास्कबद्दल: रुमाल आणि एन-९५ दोन्ही धूळ अडवतात, वायू नाही. ॲसिड गॅसचं कार्ट्रिज असलेला रबरी रेस्पिरेटर लागतो. पण मास्क आणून हात झटकू नका. हवेत हा वायू ५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५ भाग) वर जाता कामा नये ही मर्यादा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात होती, आणि नाकाला झोंबतंय म्हणजे तुम्ही तिच्या जवळपास किंवा पुढेच आहात.

द्राक्षबाग:

धागा वाचून धाक बसला. निफाडला आमची बाग आहे, बोअरचं पाणी जड, ड्रिपर क्षाराने बुजतात म्हणून वर्षातून दोनदा हेच ॲसिड व्हेंचुरीतून (लाइनमध्ये औषध ओढून घेणाऱ्या नळीतून) सोडतो. बादलीभर पाण्यात मोजून पीएच ४ ला किती मिली लागतं ते काढायचं, त्या हिशोबाने सोडायचं, रात्रभर लाइन बंद, सकाळी फ्लश. मागच्या वर्षी गड्याने शेवाळासाठी क्लोरीनचं पाणी केलं होतं त्याच ड्रममध्ये ॲसिड ओतलं. हिरवट पिवळा धूर! नशीब, शेड उघडं होतं.

निवृत्त_केमिस्ट:

@द्राक्षबाग, तो क्लोरीन वायू होता. ब्लीचिंग किंवा हायपोक्लोराइटला कुठलंही आम्ल लागलं की तो सुटतोच. दोन्हीचे ड्रम, मापं, नळ्या कायमच्या वेगळ्या ठेवा आणि दोन ट्रीटमेंटच्या मध्ये लाइन धुवा. घरात संडास धुताना बायकामाणसंही हीच चूक करतात.

हीट_ट्रीटमेंटवाला:

कोटिंगवाला भाऊ, तुम्ही शेवटी सोडून दिलेली ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. क्लिपा हलक्या नसाव्यात. ॲसिड लोखंडाला लागलं की हायड्रोजन सुटतो. बराचसा बुडबुड्यांनी वर येतो, थोडा कडक पोलादाच्या आत शिरतो आणि स्प्रिंग काचेसारखी होते. साध्या एमएसच्या (माइल्ड स्टील, मऊ पोलाद) पट्टीला यातलं काही होत नाही. तुमचं ओव्हन १८०-२०० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं चालत असेल, तेवढ्यात हायड्रोजन बाहेर पडत नाही. १९०-२२० अंशांवर काही तास भाजावं लागतं, तेही पिकलिंगनंतर लगेच आणि कोटिंगच्या आधी. सोपा मार्ग: स्प्रिंगला ॲसिड दाखवूच नका, शॉट ब्लास्टिंग (बारीक पोलादी छर्रे मारून सफाई) करून घ्या. आणि आधीच्या लॉटबद्दल पार्टीला सांगून टाका.

याच हायड्रोजनमुळे टाकीजवळ वेल्डिंग, ग्राइंडिंग, बिडी काही नको. झाकण करा, पण हवाबंद करू नका.

नंदिनीकाठ:

जुनं ॲसिड काढलं की जातं कुठे? हे कोणी विचारलंच नाही. सिंहस्थ तोंडावर आलाय, रामकुंड सगळ्यांना स्वच्छ हवं, आणि नासर्डी नदीचं पाणी शेवटी गोदावरीलाच जातं.

कोटिंगवाला:

खरं सांगू? आतापर्यंत ते काम सप्लायरचा माणूस करायचा. कॅन भरून न्यायचा. कुठे न्यायचा, मी विचारलं नाही.

निवृत्त_केमिस्ट:

आता विचारा. वापरलेलं पिकलिंग ॲसिड घातक कचऱ्यात मोडतं. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते अधिकृत परवाना असलेल्याकडेच, मॅनिफेस्टसह (कचरा कुठून कुठे गेला याची पावती) जायला हवं. कागद तुमच्या नावाचा, जबाबदारीही तुमची. सातपूरला उद्योग भवनात प्रदूषण मंडळात विचारा, नाहीतर आयमा किंवा निमा या उद्योजकांच्या संघटनांच्या ऑफिसात. असं काम करणारे सभासद तिथे भेटतील.

सांडलं तर काय, तेही आजच ठरवा. ताज्या ३० टक्क्यांच्या एका लिटरला अर्धा किलो सोडा ॲश (धुण्याचा सोडा) किंवा ३५० ग्रॅम विरलेला चुना लागतो. पोतं टाकीजवळ कोरडं ठेवा. सोडा ॲश फसफसते, कडेकडेने टाका. पण अंगावर उडालं तर सोडा नाही, नुसतं पाणी, कपडे काढून, निदान पंधरा मिनिटं. डोळ्याला तेवढंच, पापणी उघडी धरून, मग दवाखाना. टाकीपासून आठ-दहा पावलांवर चालू नळ आहे ना?

कोटिंगवाला:

नळ आहे, त्याच्यापुढे रॅक लावला होता. हलवला.

बाकी अपडेट. तुम्ही सांगितलेली मिथिल ऑरेंजची चाचणी (टायट्रेशन) करून घेतली: ५८ मिली, म्हणजे लिटरला २१२ ग्रॅम. "मेलेलं" ॲसिड चक्क १९ टक्क्यांच्या आसपास निघालं! जॉब सावकाश साफ व्हायचं कारण वेगळंच होतं, डीग्रीझिंगची (तेल काढायची) टाकी खराब झालेली आणि तेलकट जॉबला ॲसिड लागतच नव्हतं. अर्धं काढून १० च्या आसपास आणलं. पीपीचे (पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचे) पोकळ गोळे टाकीवर तरंगत ठेवलेत, झाकण बनायला दिलंय.

शेजाऱ्यांशी वाद नको म्हणून घासून चकचकीत केलेल्या एमएसच्या सहा पट्ट्या केल्या. दोन टाकीजवळ, दोन त्यांच्या मशीनजवळ, दोन घरी सिडकोत गॅलरीत. तीन दिवसांत टाकीजवळच्या तपकिरी, त्यांच्याकडच्या एकीवर ठिपके, घरच्या जवळपास स्वच्छ. ही टाकी पातळ करण्याआधीची गोष्ट. आता परत सहा टांगल्यात.

एक शंका राहिली. एक्झॉस्टवाला टाकीच्या वर छत्रीसारखं हुड लावू म्हणतोय. स्वस्त पडतंय.

निवृत्त_केमिस्ट:

नको. मुलगा टाकीवर वाकणार, वाफ त्याच्या नाकावरून वर जाणार. टाकीच्या काठालाच फट असलेलं, बाजूने ओढणारं घ्या. ब्लोअर पीपी किंवा एफआरपीचा, आणि पुढे कॉस्टिकच्या पाण्याचा छोटा स्क्रबर (वाफ धुऊन घेणारी टाकी). नाहीतर तीच वाफ पाइपातून शेजाऱ्यांच्या पत्र्यावर जाईल, आणि पुढचा फोटो पत्र्याचा येईल.

कोटिंगवाला:

कोटेशन मागवलंय. शेजाऱ्यांनाही दाखवतो, हुडची जागा त्यांच्याच भिंतीला लागून येतेय.