उत्पादन विभागात राहावे की प्रोसेस इंजिनिअरिंगकडे वळावे?

प्रश्न: मी यांत्रिकी पदविकाधारक असून चाकण येथील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चार वर्षे शिफ्ट सांभाळत आहे. आता प्रोसेस विभागात (भाग बनवण्याची पद्धत ठरवून ती सुधारणाऱ्या विभागात) जागा मिळते आहे, परंतु रात्रपाळीचा भत्ता आणि ओव्हरटाइम सुटल्याने हातात येणारी रक्कम कमी होईल. हा बदल स्वीकारावा का?

प्रतिसाद १: माझ्या मते जरूर स्वीकारावा. उत्पादनात दिवसाचा आकडा गाठला की दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. प्रोसेसमध्ये मात्र सायकल टाइम (एक भाग बनायला लागणारा वेळ) किती सेकंदांनी कमी केला, फिक्स्चर (काम करताना भाग पक्का धरणारे साधन) बदलून रिजेक्शन किती घटवले, पीएफएमईए (प्रक्रियेत काय बिघडू शकते याचा आगाऊ अभ्यास) आणि कंट्रोल प्लॅन (तपासणी व नियंत्रणाचा आराखडा) कोणत्या भागासाठी लिहिला, हे सारे मुलाखतीत पुराव्यानिशी मांडता येते. अकरा वर्षांत मला पगाराची खरी वाढ याच कामांमुळे मिळाली.

प्रतिसाद २: प्लँट हेडच्या पदासाठी माणसे सांभाळण्याचा अनुभव लागतोच, त्यामुळे आपली चार वर्षे मोलाची आहेत. केवळ सीटीसी (कंपनीचा आपल्यावरील एकूण वार्षिक खर्च) पाहू नका, मूळ वेतन पाहा. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मुख्यतः त्यावरच ठरतात. माझ्या पहिल्या कारखान्यात ते फारच कमी ठेवले होते आणि नोकरी सोडताना त्याची झळ मला सोसावी लागली. कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे 5 वर्षांची अखंड सेवा लागते. ही जागा त्याच कंपनीत आहे का?

प्रश्नकर्ता: होय, त्याच कंपनीत आहे.

प्रतिसाद २: मग सेवा खंडित होणार नाही. भत्त्यांची तूट मूळ वेतनात भरून मागा, आणि ती लेखी घ्या.