नदीकाठी बाग हवीये, निवेदनात काय काय लिहू?

गंगापूररोडकर:
आमच्या कॉलनीतले दहा-बारा जण मिळून नाशिक महापालिकेला निवेदन देतोय, आनंदवल्लीच्या पुढे सोमेश्वरकडे जाताना गोदावरी नदीकाठी नुसतं गाजरगवत नि दारूच्या बाटल्या, तिथे बाग करा म्हणून. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम, लॉन, कारंजं एवढं लिहून झालंय. अजून काय टाकू?

पंचवटीचा पोऱ्या:
दादा आधी कारंजं खोडा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण सगळे रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं ते बघायला पळतो, पण पाणी ओसरल्यावर काठावर काय उरतं ते कोण बघायला जात नाही. २०१६ नि २०१९ चा पूर आठवा. तुमची ओपन जिम वाहत वाहत डायरेक्ट रामकुंडावर यायची, आम्ही घेऊ वापरून.

गंगापूररोडकर:
हाहा. म्हणजे काहीच करायचं नाही का मग?

मातीवाला:
करा ना, पण आधी पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत काँक्रीट नको, भिंत तर नकोच, पाण्याला पसरायला जागा नाही मिळाली तर ते समोरच्या काठावर चढतं. तिथे करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज लावा, उतारावर वाळ्याचं गवत, त्याची मुळं खोल जातात नि माती धरून ठेवतात. चालायला मुरमाची पायवाट बास, गेली वाहून तर दोन डंपरमध्ये परत होते. जिम, संडास, पार्किंग सगळं वर रस्त्याच्या बाजूला. लॉनचा हट्ट कशाला, रोज पाणी मागतं ते.

सिडकोची ताई:
झाडं वगैरे ठीक आहे हो, पण संध्याकाळी सातनंतर तिथे बाई एकटी चालू शकेल का ते पण लिहा की. वरच्या वाटेला दिवे पाहिजेत, आणि लेडीज संडास, नुसता बांधलेला नाही, उघडा असलेला. आणि नाला जिथे नदीत पडतो तो आधी वळवायला सांगा, नाहीतर बाकावर नाक दाबून बसायचं नि समोर पाणवेली बघायच्या.

गंगापूररोडकर:
नाल्याचं तर डोक्यातच नव्हतं. कारंजं खोडलं, लॉनवरून मात्र आमच्या दोन काकांशी भांडण होणारे. पूररेषेचा नकाशा महापालिकेच्या नगररचना विभागात मिळेल ना? सोमवारी जातो.