जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) सेकंड इयर, रोज अक्कलकोट-सोलापूर अपडाऊन, जाड पुस्तकांसाठी सॅक कोणती घ्यावी?

अक्कलकोट_अपडाऊन

नमस्कार. मी जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज सोलापुरात आणि घर अक्कलकोटला, म्हणजे रोज येऊन जाऊन ऐंशी किलोमीटरच्या आसपास होतंय. गेल्या वर्षी घेतलेल्या सॅकचा उजवा पट्टा परवा बसमधून उतरताना वरच्या शिवणीतूनच निघाला, सगळी पुस्तकं खाली आणि प्रॅक्टिकलची फाइल थेट चिखलात. चार केअर प्लॅन (पेशंटच्या देखभालीचे आराखडे) परत लिहायला लागले, रात्री दोन वाजले. आईने दाभण घेऊन पट्टा शिवून दिलाय पण आता त्याच्यावर भरवसा नाही.

यंदा मेड-सर्ज (मेडिकल-सर्जिकल नर्सिंग), चाइल्ड हेल्थ आणि मेंटल हेल्थ तिन्ही आहेत, मेड-सर्जचं पुस्तक एकटंच उशीएवढं जाड आहे. वर फाइल, जर्नल, एप्रन, स्टेथो, डबा, पाण्याची बाटली. काल किराणा दुकानाच्या काट्यावर सॅक ठेवून बघितली तर साडेसात किलो भरली!! माझं वजन ४६. कॉलेजमध्ये लॉकर नाहीत त्यामुळे काहीच ठेवून येता येत नाही. गुरुवारी आणि पौर्णिमेला स्वामींच्या दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी असते, त्या दिवशी संध्याकाळी परत येताना बऱ्याचदा उभंच राहावं लागतं.

बजेट १५०० पर्यंत आहे आणि कोर्स संपेपर्यंत टिकली पाहिजे, दरवर्षी घरी पैसे मागायला बरं वाटत नाही. लॅपटॉपची सॅक घेऊ का ट्रेकिंगवाली का चाकाची ट्रॉली? मैत्रिणी म्हणतात युनिफॉर्मवर साइड बॅगच छान दिसते. ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी प्लीज सांगा.

वॉर्डवाली_सिस्टर

बाळा, साइड बॅग अजिबात नको, हे आधी सांगते आणि मग बाकीचं. मी ट्रेनिंगला असताना तीन वर्षं एका खांद्यावर पर्स अडकवून फिरले, उजवा खांदा वर उचलून चालायची सवय लागली ती आज १४ वर्षं नोकरी करूनही पूर्ण गेली नाही, नाइट ड्युटीला पेशंट वळवताना पहिली कळ तिथूनच येते. आपलं हे कामच पाठीचं आहे गं. आयुष्यभर पेशंट उचलायचेत, बेडवरून ट्रॉलीवर घ्यायचेत, मग शिकतानाच पाठ का खराब करून घ्यायची?

पहिल्या वर्षी फंडामेंटल्सला बॉडी मेकॅनिक्स शिकलीस ना, वजन शरीराच्या जितकं जवळ तितका पाठीवर ताण कमी, तेच इथे लाव. सर्वात जड पुस्तक पाठीला चिकटून उभं, त्याच्यापुढे फाइल, डबा सगळ्यात बाहेरच्या कप्प्यात. बऱ्याच मुली उलटं करतात, डबा सांडेल म्हणून तो आत आणि पुस्तक बाहेर, मग सॅक मागे ओढते आणि आपण पुढे वाकून चालतो. पट्टे इतके आवळायचे की सॅकचा तळ कमरेच्या खाली लोंबायला नको.

शाळेतल्या मुलांच्या दप्तरासाठी २०२० च्या धोरणात शरीराच्या वजनाच्या दहा टक्के अशी मर्यादा दिलीय. तू मोठी आहेस, थोडं जास्त चालेल, पण ४६ किलोच्या मुलीने साडेसात किलो घेऊन बसमध्ये तासभर उभं राहायचं म्हणजे फार झालं. हाताला किंवा बोटांना मुंग्या येतात का ते नक्की सांग. पट्टा खांद्यावर रुतला की तिथल्या नसा दबतात, असं होत असेल तर सॅकची वाट न बघता डॉक्टरांना दाखव.

आणखी एक गोष्ट जी दुकानदार सांगणार नाही. तुझी सॅक वॉर्डमध्ये जाणार, त्यामुळे धुता येईल अशीच घे. फरचे गोंडे, जाड फोम, नक्षी काही नको, साधं सिंथेटिक कापड जे साबणाच्या पाण्याने पुसलं की वाळतं. वॉर्डच्या फरशीवर ठेवायची नाही, पेशंटच्या बेडवर तर मुळीच नाही, आणि घरी गेल्यावर तीच सॅक ओट्यावर किंवा अंथरुणावर ठेवायची नाही. कम्युनिटी पोस्टिंगला घरोघरी जाताना होम व्हिजिटची बॅग कशी कागद अंथरून ठेवतो आणि हात धुतल्याशिवाय उघडत नाही, तसंच मनात धरून चाल. वापरलेला एप्रन वेगळ्या पिशवीत, डब्याजवळ नको.

पूर्वभाग_शिलाई

पोरी, मी शिलाईच्या धंद्यातला माणूस हाय, आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात घरटी कोणी ना कोणी मशीनवर बसलेलंच असतंय, युनिफॉर्म शिवतो आणि सीझनला दप्तरं पण शिवतो. नाव बघून सॅक घेऊ नको, उलटी करून बघ.

तुझा पट्टा जिथून निघाला ना, तीच जागा सगळ्यात आधी बघायची. वरच्या शिवणीत पट्टा नुसता दाबून एक सरळ टीप मारलेली असेल तर ती सॅक कितीची बी असू दे, पुस्तकांचं वजन घेणार नाही. चौकोन मारून त्याच्यात फुली असली पाहिजे, नायलॉनच्या जाड दोऱ्याने, आणि आतून पट्टी लावून शिवलेलं पाहिजे. दुकानातच आत हात घालून पट्ट्याच्या मुळाशी चाचपून बघ, नुसतं अस्तर लागलं तर ठेवून दे तिथंच. खालचा पट्टा जिथं बारीक होऊन बकलात जातो तिथं पण तसंच बघायचं.

दुसरं चेन. चेन जाडजूड दातांची आणि रनर दोन असलेली घे, एक रनर गेला तर दुसऱ्यावर चालतंय. चेन कोपऱ्यातून वळते तिथं ओढून बघ, अडकली की समज पुस्तकं भरल्यावर तिथंच फाटणार. तळ डबल कापडाचा पाहिजे. कापड बोटात चुरगाळून बघ, आतून कोटिंग पांढरं पांढरं निघायला लागलं तर पहिल्याच पावसात पाणी आत.

आपल्या चादरीच्या कापडाच्या पिशव्या पण लई सुंदर मिळतात, मलाही त्याचा अभिमान हाय, पण ते सुती कापड, घाम आणि पाणी पिऊन घेतंय आणि मुळात वजनदार. पाहुण्यांना द्यायला उत्तम, पुस्तकं वाहायला नको.

जुनी फेकू नको बरं का. कोपऱ्याकोपऱ्यावर बॅग रिपेअरवाले हायत, पट्टा उसवून आतून जाड पट्टी टाकून शिवून घे, अडीनडीला होईल. बसल्या बसल्या होणारं काम हाय ते.

नर्सिंग_थर्डसेम

मी बीएससी करतोय, जुळे सोलापुरातून सिटी बस नाहीतर शेअर रिक्षा. ट्रॉलीचं मी करून बघितलंय म्हणून सांगतो, नको. चाकांची ट्रॉली रिकामीच जड असते, जिना आला की उचलायचीच, बसमध्ये लोकांच्या पायात येते आणि पावसाळ्यात चाकांना लागलेली घाण तशीच वॉर्डपर्यंत जाते. महिन्याभरात बंद केली.

ट्रेकिंगची मोठी सॅक पण नको. ५० लिटरची घेतली की आपण ती भरतोच, मोकळी जागा बघवत नाही. ३० लिटरच्या आसपास, रिकामी असताना एक किलोच्या आत, पाठीला जाळी (एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर असतो, जाळी नसेल तर युनिफॉर्म पाठीला चिकटतो), आणि छातीवर बांधायचा छोटा पट्टा. तो पट्टा लोक फालतू समजतात पण बसमध्ये उभं असताना सॅक खांद्यावरून घसरत नाही. कमरेचा पट्टा असेल तर आणखी चांगलं, बरंचसं वजन खांद्यावरून कमरेवर जातं.

पण माझं खरं मत वेगळं आहे. तू सॅक बदलतेयस, बदलायचं आहे वजन. मेड-सर्जचं पुस्तक बाइंडिंगवाल्याकडे घेऊन जा आणि त्याचे तीन भाग करून घे. मला पण आधी पुस्तक कापायला जीवावर आलं होतं, पण आता शरीरातली जी सिस्टिम (हृदय, श्वसन वगैरे) शिकवणं चालू आहे तेवढाच भाग नेतो. फक्त प्रकरण जिथे संपतं तिथेच कापायला सांग, तू स्वतः पानांवर पेन्सिलने खूण करून दे, आणि मागची सूची शेवटच्या भागात राहील तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेव. लायब्ररीचं पुस्तक असेल तर अर्थातच हे नाही करायचं.

वॉर्डवाली_सिस्टर

थर्डसेमने लाखातलं सांगितलं. फक्त परीक्षेआधी तिन्ही भाग घरी एकत्र आहेत का ते बघ, आमच्या वेळी एकीचा मधला भाग मैत्रिणीकडे राहिला होता आणि ती गावाला गेलेली. आणि पाणी घरून लिटरभर आणू नको, एका लिटरचं वजनच एक किलो आहे. अर्धी बाटली आण, कॉलेजमध्ये भरून घे.

अक्कलकोट_अपडाऊन

ताई, काका, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. मुंग्या येतात का विचारलंत म्हणून लक्ष दिलं, गुरुवारी उभं राहून आले की उजव्या हाताच्या दोन बोटांना येतात, बसल्यावर जातात. मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. उद्या पोस्टिंग ओपीडीलाच आहे, तिथे दाखवते.

आज कॉलेज सुटल्यावर मैत्रिणीला घेऊन नवी पेठेत गेले, सहा दुकानं फिरले आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक सॅकमध्ये हात घातला. पाच ठिकाणी नुसतं अस्तरच लागलं, दिसायला मात्र सगळ्या एकापेक्षा एक. एका दुकानातल्या मावशींनी स्वतःच सॅक उलटी करून चौकोनातली फुली दाखवली, १२५० ला आहे, छातीचा पट्टा आहे, कमरेचा नाही. रंग मातकट, मैत्रिणीने नाक मुरडलं पण मला आवडला, डाग दिसणार नाहीत. उद्यापर्यंत बाजूला ठेवायला सांगून आलेय.

पुस्तक पण बाइंडिंगला टाकलं. शनिवारी मिळेल. एक भाग, अर्धी बाटली आणि बाकी सगळं धरून अंदाजे पाच किलोच्या आत बसेल असं वाटतंय, किराणावाल्या काकांच्या काट्यावर परत ठेवून बघणार आहे. काका, कमरेचा पट्टा नंतर लावून मिळतो का हो, का त्याने शिवण कमजोर होईल?

पूर्वभाग_शिलाई

मिळतोय की. पण कापडाला भोकं पाडून नको, तळाच्या जोडशिवणीतच पट्टा घालून घ्यायचा, दोन्ही बाजूंनी वीतभर आतून पट्टी टाकून. शिवणाऱ्याला एवढंच सांग, त्याला कळतंय. सॅक घ्यायच्या आधी मावशींना विचार तळाच्या शिवणीला आत शिल्लक कापड किती सोडलंय, बोटभर असेल तर बिनधास्त घे.