ऑनलाइन फसवणूक: तुमचे, घरच्यांचे अनुभव सांगा

असगावकर
काल संध्याकाळी शेजारच्या गेटसमोर पुण्याची गाडी, बॅगा, पेंगुळलेली पोरं. "आमचा विला हाच ना?" मोबाईलमध्ये फोटो शेजाऱ्याच्याच घराचे, स्विमिंग पूल मात्र भलत्याच कुणाचा. अर्धे पैसे आगाऊ भरलेले आणि आता नंबर बंद. शेजारीण बिचारी त्यांना चहा देऊन समजावत होती. ते बघून पपांना आलेला मेसेज आठवला, "आज रात्री 9.30 ला वीज कापणार, ताबडतोब अधिकाऱ्याला फोन करा". पपा निवृत्त लाइनमन! केला की फोन, आणि त्यालाच विचारलं कुठल्या सबस्टेशनवरून बोलतोस, आमचा फीडर कुठला सांग. कट. तुमच्याकडे काय काय झालंय?

माशेलची सून
पपांना दंडवत 😂 सासूबाईंना व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली, फाइल एपीके, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप घालणारी. त्यांचं म्हणणं कुणाचं लग्न ते तरी बघूया गो, पत्रिका न उघडणं बरं नव्हे. नणंदेने फोन काढून घेतला म्हणून बरं. पत्रिका इन्स्टॉल कशाला करावी लागेल? आरटीओच्या चलानच्या नावाने पण हेच येतंय. थांबा कुकर झाला

फोंड्याचा बाबू
भावाने जुना फ्रीज विकायला टाकलेला. एकाचा फोन, आर्मीत आहे, वास्कोला पोस्टिंग, किंमत एका दमात कबूल. तिथेच भावाला वास आला, घासाघीस न करता फ्रीज कोण घेतं? मग क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. अरे पैसे यायला पिन लागतच नाही, जायला लागतो. भाऊ म्हणाला फ्रीज दारात ठेवलाय, ट्रक घेऊन ये. अजून येतोय. कुणाला हवाय का?

मडगाव_फाटक
डबल डोअर? कितीला?

फोंड्याचा बाबू
सिंगल. खाजगी मेसेज कर

साखळीची टीचर
हसण्यावारी नेऊ नका रे. आमच्या एका निवृत्त बाईंना "सीबीआय"वाल्यांनी रात्रभर व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं, तुमच्या नावाच्या पार्सलात ड्रग्ज सापडले, कुणाला सांगितलंत तर मुलालाही उचलू. मुलगा मस्कतला, बाई घरात एकट्या. सकाळी एफडी मोडायला बँकेत, पर्समध्ये कॉल चालूच. काउंटरवरचा पोरगा त्यांचाच विद्यार्थी, त्याने हात थरथरताना बघितले आणि काही न बोलता चिठ्ठीवर लिहून विचारलं. पैसे वाचले. माझ्या मते असल्या कॉलची सगळी ताकद "कुणाला सांगू नका" यातच असते. असं व्हिडिओ कॉलवर अटकेत ठेवणं, डिजिटल अरेस्ट म्हणतात ते, कायद्यात काही नाहीच. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधान मन की बातमध्ये पण बोलले होते, पण त्या वेळी बाई भजनाला.

असगावकर
बापरे. आता बऱ्या आहेत ना?

साखळीची टीचर
हो, पण अनोळखी नंबर उचलतच नाहीत. मी सिम बदललं तर माझाही नाही उचलला

म्हापसा बाजार
1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. पैसे गेले तर आधी हा नंबर, रडणं नंतर. दुकानातल्या पोराला टेलिग्रामवर हॉटेलांना रेटिंग द्यायचं काम, सुरुवातीला दीडशे रुपये खरंच आले हो, मग म्हणे मोठ्या टास्कसाठी आधी तुम्ही भरा. गेले की कळल्यावर लगेच फोन केला म्हणून पुढच्या खात्यात थोडे तरी गोठले. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर घरबसल्या होते, आपले गोव्याचे सायबर पोलीस रायबंदरला आहेत. चला गिऱ्हाईक आलं

हरमलची काकी
विलाचं मी सांगते, माझ्या स्वतःच्या दोन खोल्या आहेत. पाहुण्यांची राहायची सोय करणाऱ्याला पर्यटन खात्याची नोंदणी लागते, गोव्याचा 1982 चा कायदा आहे, नोंदणीचा नंबर मागा बिनधास्त. आणि व्हिडिओ कॉल लावून म्हणा रस्त्यावरून गेटपर्यंत चालत दाखव. खरा मालक कुरकुरेल पण दाखवेल. अर्ध्या किमतीत समुद्राला लागून पूलवाला विला, तो पण डिसेंबरात? मला पण द्या रे असला

माशेलची सून
काकी चवथीला खोली मिळेल? पुण्याहून मेहुणे येतायत

हरमलची काकी
चवथीला बंद गो बाय, आम्हीच मूळ घरी केरीला. नाताळात विचार, तेव्हाचा दर ऐकून मेहुणे आपोआप रद्द करतील 😄