पाकिटातला पंख

सोसायटी ग्रुप, ४ जून

सी-१२०३, सकाळी ६:५२
बाल्कनीत हा पक्षी पडलाय. रात्री काचेवर धप्पकन आवाज आला होता, तोच असावा. पाठ हिरवी, पोट मातकट पिवळं, शेपटीखाली लालभडक. मेलाय बिचारा. कुणाला ओळखता येतोय का?

बी-४०२, ६:५८
अरेरे. सफाईच्या मावशी आठला येतात, त्यांना सांगा, खाली नेतील.

ए-९०३, ७:०५
थांबा हं, टाकू नका. नवरंग आहे हा. पावसाच्या तोंडावर दक्षिणेकडून येतो आणि प्रवास रात्री करतो. मला तीन गोष्टी सांगा: आवाज किती वाजता आला, कुठले दिवे चालू होते, आभाळ कसं होतं?

सी-१२०३, ७:११
अडीच-पावणेतीन. आमच्या घरात अंधार होता, गच्चीवरचा हॅलोजन चालू होता. आभाळ गच्च भरलेलं, भुरभुर चालू होती.

बी-४०२, ७:१४
ताई, जीव तर गेलाच. आता वेळ लिहून काय व्हायचंय?

ए-९०३, ७:४०
दादा, तुमचं विचारणं बरोबर आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मोठा मेसेज आहे, सवडीनं वाचा.

आयर्लंडमध्ये डब्लिनच्या दक्षिणेला ब्रे नावाचं गाव आहे. त्याच्याजवळ फॅसरो इथं रिचर्ड मॅनलिफ बॅरिंग्टन नावाचा शेतकरी राहायचा. जन्म १८४९ चा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकला, वकिलीची सनद घेतली, पण केली घरची शेती. जोडीला जमिनीचं मूल्यांकन करायचा. १८८१ चा जमीन कायदा झाल्यावर तिथं कुळांचा खंड ठरवायची मोठी धामधूम होती, त्या काळातला हा माणूस. वनस्पतींचाही नाद होता. टोरी बेटावर, ब्लॅस्केट बेटांवर जाऊन तिथल्या झाडोऱ्याच्या याद्या त्यानं केल्या.

त्या काळी पक्षी ऋतूप्रमाणे ये-जा करतात हे माहीत होतं. पण कुठला पक्षी कुठल्या रात्री, कुठल्या वाऱ्यावर समुद्र ओलांडतो, हे बघणार कोण? रात्रभर जागं राहून समुद्राकडे बघणारी माणसं एकच, दीपगृहांचे रखवालदार. जॉन कॉर्डो (हाही शेतकरीच, इंग्लंडात लिंकनशरचा) आणि स्कॉटलंडचे हार्वी-ब्राउन यांनी १८७९ मध्ये दीपगृहांना पक्ष्यांच्या नोंदींसाठी छापील तक्ते पाठवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेनं त्यासाठी समिती नेमली. आयर्लंडची बाजू बॅरिंग्टननं ए. जी. मोर या निसर्ग-अभ्यासकांबरोबर सांभाळली. कडेकपारीवरची दीपगृहं आणि वाळूच्या दांड्यांजवळ नांगरून ठेवलेली दीपनौका, दोन्हीकडून कागद यायचे.

आता माझ्या मनात घर करून राहिलेली गोष्ट. रखवालदार लिहायचे, ‘रात्री एक वाजता लहान तपकिरी पक्षी आदळला.’ लहान तपकिरी पक्षी म्हणजे काय? शंभर असतील. मग बॅरिंग्टननं सांगितलं, नाव येत नसेल तर राहू दे, जो पक्षी काचेवर आदळून मेला त्याचा एक पंख आणि एक पाय कापून पाकिटातून पाठवा, सोबत तारीख आणि जागा लिहा. विचार करा, समुद्रातल्या खडकावर बोट येईल तेव्हा टपाल निघणार. ते पाकीट फॅसरोच्या घरी उघडायचं, आणि आत बोटभर लांबीचा, वाळलेला, तपकिरी पंख.

सी-५०१, ७:५२
म्हणजे अभ्यासासाठी पक्षी मारायचे का हो, मावशी?

ए-९०३, ७:५९
नाही गं. त्या काळी नमुन्यांसाठी बंदूक चालवायची रीतच होती, पण हे पंख आपोआप आदळून मेलेल्यांचे. काळोखी, ढगाळ, भुरभुर पावसाची रात्र असली की दिव्याभोवती थवे घिरट्या घालत आणि सकाळी खाली खच पडलेला असे. चांदणं स्वच्छ असेल तर फारसं काही नाही. आपल्या बाराशे तीनची कालची रात्र बघ, नेमकी तशीच.

पडणाऱ्यांत स्टार्लिंग पुष्कळ, म्हणजे ज्वारीवर उतरणाऱ्या आपल्या भोरडीचे चुलतभाऊ. शिवाय चंडोल, कस्तूर.

ए-२०४, ८:१०
ताई, रखवालदार का करायचे हे? पगारात थोडंच होतं.

ए-९०३, ८:२६
पगारात नव्हतंच. दीपगृहखात्यानं परवानगी दिली होती एवढंच. मला वाटतं, त्यांच्या लिहिण्याला कुणीतरी इतकी किंमत दिली हे त्यांना पोचलं असणार. खडकावर आठवडेच्या आठवडे काढणाऱ्या माणसाला कुणी विचारतं, ‘काल रात्री तुम्हाला काय दिसलं?’ आणि पुढे तेच शब्द छापतं. बॅरिंग्टननं या नोंदींचं पुढे पुस्तक काढलं, त्यात सारांश तर दिलाच, पण मूळ नोंदीही जशाच्या तशा दिल्या.

समितीचं काम १८८७ ला थांबलं. दुसरा कुणी असता तर कागद बांधून ठेवून दिले असते. यानं आयर्लंडपुरतं ते स्वतःच्या खर्चानं आणखी दहा वर्षं, १८९७ पर्यंत, चालवलं. १९०० मध्ये पुस्तक आलं, जवळपास हजार पानांचं. शेवटी सुमारे १६०० पंखांची मापं! एकेक पंख पट्टीवर ठेवून मोजलेला. मी शेतकऱ्याची मुलगी आहे. पेरणी, कापणी, गुरंढोरं सांभाळून संध्याकाळी दिव्याशी बसून हे करायचं म्हणजे काय, ते मला कळतं.

आणि मापं हौसेखातर नाहीत. ग्रीनलंडहून येणाऱ्या रणगोजाचा पंख युरोपातल्या रणगोजापेक्षा लांब असतो. म्हणजे पट्टीवरच्या चार-सहा मिलिमीटरवरून पाहुणा कुठल्या गावचा ते सांगता येतं.

सी-१२०३, ८:३१
बापरे. पंखावरून गाव!

ए-९०३, ८:३८
हो. १८९० मध्ये ब्लॅस्केटमधल्या सगळ्यात पश्चिमेच्या टिअरॅक्ट बेटावरच्या दीपगृहातून एक इवलासा पिवळ्या भुवईचा पर्णवटवट्या मिळाला. आयर्लंडमध्ये तोवर त्याची नोंदच नव्हती. पाच-सहा ग्रॅम वजनाचा जीव, घर सैबेरियात, हिवाळ्यात जायचं आग्नेय आशियात, आणि हा सापडला अटलांटिकच्या काठाशी. रखवालदारानं ‘लहान पक्षी’ म्हणून समुद्रात भिरकावला असता तर कुणाला पत्ता लागला नसता.

बी-७०२, ८:४४
वाचतोय सगळं. मी ट्रेकवाला, म्हणून विचारतो, हा माणूस फक्त घरात बसून पाकिटं उघडायचा का?

ए-९०३, ८:५१
काका, तुम्हाला आवडेल असंच आहे. तो आल्प्समध्ये चढायचा. १८८३ ला स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटांवर गेला आणि तिथल्या बेटकऱ्यांबरोबर समुद्रातून सरळ उठलेला स्टॅक बिओरॅक हा सुळका चढला. १८९६ मध्ये अटलांटिकमधल्या रॉकॉलच्या मोहिमेतही होता. लाटांमुळे खडकावर उतरताच आलं नाही, परतावं लागलं. १९१५ ला वारला.

बी-४०२, ९:०३
ताई, पटलं. मग आता या नवरंगाचाही पंख काढून ठेवायचा का?

ए-९०३, ९:०७
नको नको, ते अजिबात नाही. आपल्याकडे वन्यजीव कायदा आहे, पंखसुद्धा घरात ठेवता येत नाही. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढू आणि वनखात्याला कळवू. पंखाऐवजी फोटो, बाकी रीत तीच. मी एक वही गेटवर ठेवते. तारीख, वेळ, विंग, मजला, आभाळ, वारा, दिवे. जिवंत सापडला तर खोक्यात अंधारात शांत ठेवायचा, पाणी चोचीत ओतायचं नाही, मला फोन करायचा.

सेक्रेटरी, ९:२०
गच्चीवरचा हॅलोजन रात्री अकरा ते पाच बंद ठेवायला माझी हरकत नाही. जिन्यातले दिवे राहतील. कुणाला अडचण असेल तर आत्ताच सांगा.

ए-२०४, ९:२२
आमची नाही.

बी-४०२, ९:२३
आमचीही नाही. मावशींना मी सांगतो, काही पडलेलं दिसलं तर आधी वहीत लिहायचं.

५ जून

सेक्रेटरी, सकाळी ६:१५
गेटवरच्या मामांनी रात्री वहीत लिहिलंय, तसंच्या तसं टाकतो:
‘५ जून, पहाटे सव्वातीन. आभाळ भरलेलं, पाऊस थोडा, वारा खाडीकडून. गच्चीचा दिवा बंद. सी विंगखाली दोन चकरा मारल्या. पक्षी पडलेला नाही. वरून आवाज जात होता दोनदा, शिट्टीसारखा, दिसलं नाही.’

ए-९०३, ६:१९
मामांना सांगा, ‘पडलेला नाही’ हेही लिहिलंत ते फार बरं केलंत. आणि शिट्टी कुठल्या बाजूनं कुठं गेली, तेवढं विचारून घ्या.

सेक्रेटरी, ६:३४
विचारलं. खाडीकडून डोंगराकडे.