जुन्या चांदीच्या डावावरील नक्षी कोठली असावी?

प्रश्न : सदाशिव पेठेतील आमच्या घरी चांदीचा एक जड डाव असून त्याच्या दांड्यावर दाट वेलबुट्टी आणि मागे रोमन लिपीत ‘ओ. एम.’ व ‘भूज’ असे ठसे आहेत. तो कोणत्या काळातील असावा?

उत्तर १ : हे ठसे कच्छमधील ओमरसी मावजी यांच्या पेढीचे असून, ते अस्सल असल्यास काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील किंवा त्यानंतरच्या काही दशकांतील असू शकेल. वेलींत दडलेले पशुपक्षी शोधावेत. मद्रासच्या ‘स्वामी’ शैलीत त्यांच्या जागी देवदेवता दिसतात.

उत्तर २ : केवळ ठशावर विसंबू नये, कारण नामवंतांचे ठसे नकलीही असतात. आणि कृपया, खोलगट भागातील काळेपणा चिंच लावून घासू नका. नक्षीचा उठाव त्यामुळेच नजरेत भरतो.